द झॉम्बीज : एकदा फक्त बेसकडे कान देऊन ऐका

मंद्रसप्तक | शुक्रवार, रात्री 11:20

नमस्कार मंडळी,

साठच्या दशकातल्या इंग्लिश बँडांचा विषय निघाला की गाडी बीटल्स, स्टोन्स, फार तर किंक्सपर्यंत येऊन थांबते. झॉम्बीजचं नाव काढलंच तर दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, कॉलिन ब्लनस्टोनचा तो कानाशी येऊन बोलल्यासारखा आवाज. दुसरी, रॉड आर्जेंटची कीबोर्डवरची बोटं. दोन्ही खरं आहे, पण बँड पाच जणांचा होता. उरलेल्या तिघांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ही गाणी आजही ताजी वाटतात यातलं निम्मं श्रेय त्या तिघांचं आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यातही बेस (खालच्या सुरांची गिटार) वाजवणाऱ्या ख्रिस व्हाइटचं जास्त.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमध्ये सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे, तिथली ही शाळेच्या वयातली मुलं. आर्जेंट गावच्या कॅथीड्रलच्या कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, गात वाढलेला. 1964 मध्ये त्यांनी हर्ट्स बीट नावाची स्पर्धा जिंकली आणि डेक्का कंपनीचा करार मिळाला. निर्माते केन जोन्स त्यांना म्हणाले, स्वतःचं काहीतरी लिहून आणा. आर्जेंटने आणलं 'शीज नॉट देअर'. 12 जून 1964 ला ते रेकॉर्ड झालं. आर्जेंटच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला तेव्हा दोन दिवस बाकी होते! गाणं इंग्लंडात बाराव्या क्रमांकापर्यंत आणि अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

आता हेडफोन लावा. गाणं उघडतं ते बेसवर. व्हाइट एक तुकडा वाजवतो, मध्ये श्वास सोडतो, परत वाजवतो. ह्यू ग्रंडीचे ड्रम्स त्या सोडलेल्या जागेत येतात. त्या वेळचे बहुतेक बीट बँड दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर दणकून ठोकत असत. ग्रंडी कडव्यात तसं करत नाही. ठेका तोडून, अडवून देतो, जणू पाऊल टाकू की नको. मग गाणाऱ्याचा राग वर यायला लागतो तसा तोच ठेका सरळ होतो, धावायला लागतो. शब्द एकदाही कानावर पडले नाहीत तरी नुसत्या ड्रम्सवरून कळतं की हा माणूस आधी चाचरत होता आणि आता भडकलाय.

कॉलेजात असताना आमच्या ऑर्केस्ट्रात मी बेस वाजवायचो. पुण्याच्या जुन्या बाजारात एक कॅसेट मिळाली होती, वेगवेगळ्या इंग्लिश बँडांची मिसळ असलेली. त्यात हे गाणं होतं. पेन्सिल घालून फीत मागे घ्यायची, चार सेकंद ऐकायचं, वाजवायचं, परत मागे. सूर अर्ध्या तासात सापडले. पण आमच्या ड्रमरबरोबर वाजवलं की गाणं मढ्यासारखं पडायचं. तीन आठवडे गेले तेव्हा कुठे कळलं की मी सूर बरोबर वाजवत होतो, पण थांबत नव्हतो. व्हाइट प्रत्येक तुकड्यानंतर तार हाताने बंद करतो. ती शांतता मोजूनमापून ठेवलेली आहे.

दुसरं उदाहरण 'केअर ऑफ सेल 44', 1968 च्या 'ओडेसी अँड ऑरॅकल' या अल्बमचं पहिलंच गाणं. तुरुंगातून सुटून येणाऱ्या मुलीला लिहिलेलं पत्र आहे ते, आणि चाल इतकी उजळ की विषय लक्षात यायलाच दोनदा ऐकावं लागतं. त्यात बेस हा आधार देणारा उरतच नाही. गाणाऱ्याच्या ओळीखाली तो दुसरी चाल गातो. वरचा आवाज बंद करून नुसता बेस गुणगुणलात तरी ते एक पूर्ण गाणं होतं. करून बघा.

जाणकारांनी भर घालावी.

काळी_पाच | शुक्रवार, रात्री 11:58

वा, मंद्र! धागा काढलात ते फार बरं केलंत.

मी पेटीवाला माणूस, पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण नाही. पण 'शीज नॉट देअर' पेटीवर बसवलं होतं तेव्हा जे सापडलं ते सांगतो. कडव्यात ए मायनर आणि डी मेजर हे दोन कॉर्ड आलटून पालटून येतात. ए ला सा धरा. पहिल्या कॉर्डात सा, कोमल ग, प. दुसऱ्यात म, शुद्ध ध, सा. म्हणजे गंधार कोमल आणि धैवत शुद्ध. सरळ काफी थाट झाला! (राग काफी म्हणत नाहीये, भांडू नका.) आर्जेंटला माइल्स डेव्हिसचं वेड होतं, आणि एका मोडवर, म्हणजे एकाच थाटासारख्या स्वरसमूहावर, रेंगाळायची सवय त्याला तिथून लागली.

पण खरी गंमत पुढे आहे. जिथे गाणं चढायला लागतं तिथे डी मेजर येतो आणि लगेच त्याच्या मागे डी मायनर. म्हणजे शुद्ध धैवत होता तो डोळ्यांदेखत कोमल होतो आणि पंचमावर येऊन टेकतो. ठुमरीत एखादी बाई दोन्ही धैवत दाखवत खाली उतरते ना, तसं. अर्ध्या सुराचा फरक, पण पोटात कालवतं. आणि शेवटी, सगळं उदास गाऊन झाल्यावर, गाणं संपतं ते ए मेजरवर. एकदम शुद्ध गंधार. मी तो शेवटचा सूर दहा वेळा परत लावून पाहिला होता, आपल्या कानात काही चूक तर नाही ना म्हणून.

अठरा वर्षांच्या मुलाने हे लिहिलंय.

रोकठोक | शनिवार, सकाळी 8:10

लेख आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. 'ओडेसी अँड ऑरॅकल' हा अल्बम 1967 मध्ये बराचसा लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत झाला. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' तिथे नुकताच झालेला. जेफ एमरिक आणि पीटर व्हिन्स यांच्यासारखे इंजिनियर, तोच स्टुडिओ, आणि बीटल्सच्या मंडळींनी तिथे ठेवलेला मेलोट्रॉनसुद्धा यांना आयता मिळाला. एवढं सगळं हाताशी असताना कुणीही चांगला अल्बम केला असता. यात वादकांचं कौशल्य किती आणि स्टुडिओचं किती?

शिवाय आवाजावर आवाज रचणं ही चर्चच्या कॉयरची शिकवण. त्यात नवं काय?

मंद्रसप्तक | शनिवार, सकाळी 9:35

@रोकठोक, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्टुडिओ तोच, पण हाताशी असलेला वेळ वेगळा. बीटल्सना 'सार्जंट पेपर'साठी महिनेच्या महिने मिळाले होते. झॉम्बीजना सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने अख्ख्या अल्बमसाठी 1000 पौंड दिले होते. त्यामुळे ते स्टुडिओत येऊन गाणं शोधत बसले नाहीत. आधी तालमी करकरून गाणी पक्की केली, मग जाऊन तीन-तीन तासांच्या सत्रांत वाजवली. चार ट्रॅकच्या यंत्रावर काम म्हणजे कुणी काय वाजवायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. नंतर दुरुस्तीला फारशी जागा नसते. तालमीशिवाय 'चेंजेस'सारखं गाणं तिथे उभंच राहिलं नसतं.

पैशांचं आणखी एक. रेकॉर्डिंग झाल्यावर कंपनीने सांगितलं, मोनोबरोबर (दोन्ही कानांना एकच आवाज) स्टिरिओ मिक्सही (डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज) हवा. पैसे संपलेले. तेव्हा आर्जेंट आणि व्हाइट यांनी स्वतःच्या रॉयल्टीतले 200 पौंड घातले. 'धिस विल बी अवर इयर'मधली ट्रम्पेट्स तर मोनो मिक्स करतानाच थेट वरून भरली होती, त्यामुळे त्या गाण्याचा खरा स्टिरिओ मिक्स करताच आला नाही.

कॉयरबद्दल : शिकवण कॉयरची, मान्य. पण ती रॉक बँडमध्ये कुठे वापरायची आणि कुठे गप्प बसायचं हे कॉयर शिकवत नाही. 'टाइम ऑफ द सीझन' लावा. सुरुवातीला काय आहे? बेस, एक टाळी, आणि एक उसासा. खरोखर माणसाचा उसासा, 'हाऽ' असा, एको दिलेला. कॉर्ड वाजवणारं एकही वाद्य नाही. कीबोर्डवर आर्जेंटसारखा माणूस बसलाय आणि तो वाजवत नाहीये. गिटार तर शोधावी लागते. मग आवाजांची थप्पी येते तेव्हा ती अंगावर येते, कारण खाली जागा मोकळी ठेवलेली आहे. ऑर्गनचे सोलो त्यानंतर, आणि तेव्हा तो मनसोक्त सुटतो.

गोधडी | शनिवार, दुपारी 2:04

वाचतेय. मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण धागा वाचून 'ओडेसी' पूर्ण ऐकला, भाजी निवडता निवडता. 'अ रोझ फॉर एमिली'ला हात थांबले. नुसता पियानो आणि आवाज, बाकी काही नाही. मी ऐकत होते तेव्हा असं वाटलं की घरात कुणी नाहीये आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी गातंय.

एक विचारायचं होतं. हे मेलोट्रॉन म्हणजे नेमकं काय? व्हायोलिनसारखं ऐकू येतं पण व्हायोलिन नाही, हे कळतं.

काळी_पाच | शनिवार, दुपारी 3:30

@गोधडी ताई, अमेरिकन लेखक फॉकनरच्या एका कथेचं नाव घेतलंय त्या गाण्याला, म्हणून आणखी आवडेल तुम्हाला.

मेलोट्रॉन म्हणजे कॅसेटच्या फितीवर चालणारी पेटी समजा. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो. त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा तो एक सूर आधीच मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत सरकते आणि सूर वाजतो. फीत साधारण आठ सेकंदांची. आठ सेकंदांनंतर सूर संपला! पट्टी सोडायची, फीत मागे जाते, मग परत दाबायची. म्हणून वादकाला सतत बोटं बदलत राहावं लागतं, आणि फीत जरा थरथरते म्हणून सूरही थरथरतो. तुम्हाला 'व्हायोलिन नाही' असं जे जाणवलं ते हेच. 'हंग अप ऑन अ ड्रीम'मध्ये ऐका, आर्जेंटने ती थरथर लपवलेली नाही, उलट गाण्यात घेतली आहे.

'शीज नॉट देअर'मधलं वाद्य मात्र वेगळं, होनर कंपनीचा पियानेट. त्यात धातूच्या पट्ट्या असतात, आपल्या पेटीतल्या रीडच्या बहिणी म्हणा, पण हवेवर नाही चालत. पट्टीला चिकटलेलं एक गादीसारखं बोंडुक असतं, ते बोट दाबल्यावर सुटतं आणि पट्टी छेडली जाते. त्यामुळे सूर ठसठशीत निघतो पण जोर फारसा कमी-जास्त करता येत नाही. भाव आणायचा तर तो मुख्यतः लयीतून आणायचा. आता त्या गाण्यातला सोलो परत ऐका.

सहावी_तार | शनिवार, रात्री 10:15

+१ सगळ्यांना. पण मी गिटारवाला आहे, मला पॉल अॅटकिन्सनबद्दल बोलायचंय. दोन दिवस धागा चाललाय आणि त्याचं नाव अजून एकदाही आलं नाही! मंद्र, तुम्ही 'तिघांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही' म्हणता आणि तुम्हीच तिसऱ्याला विसरलात.

समोर आर्जेंटसारखा कीबोर्डवाला असेल तर गिटारवाल्यासमोर दोन रस्ते असतात. भांडायचं, नाहीतर सरकून बसायचं. मी स्वतः एका कीबोर्डवाल्याबरोबर सहा वर्षं वाजवलं, आणि पहिली तीन वर्षं भांडण्यात घालवली. त्याचा डावा हात आणि माझ्या खालच्या तीन तारा एकाच जागेवर पडायच्या, आणि मग सगळं गढूळ. अॅटकिन्सन तसं करत नाही. तो वरच्या तारांवर थोडंसं वाजवतो आणि हात काढून घेतो. 'हंग अप ऑन अ ड्रीम'मध्ये त्याची गिटार पुढे येते तेव्हा लक्षात येतं की वाजवायला त्याला येत होतंच. 2004 मध्ये तो गेला. त्या आधी अनेक वर्षं तो रेकॉर्ड कंपन्यांत नवे कलाकार निवडण्याचं काम करत होता. दुसऱ्यांचं ऐकायचा कान होता, म्हणून ते काम जमलं असणार.

मंद्रसप्तक | शनिवार, रात्री 10:40

तार, माझी चूक. मनापासून मान्य. बेसच्या प्रेमात मीही तेच केलं ज्याबद्दल तक्रार करत होतो.

वॉटफर्डकर | रविवार, पहाटे 4:50

इकडे इंग्लंडात रात्र झाली आहे पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. सेंट ऑल्बन्स माझ्या घरापासून गाडीने अगदी जवळ. तिथे ब्लॅकस्मिथ्स आर्म्स नावाचा पब आहे. त्याच्या भिंतीवर निळी गोल पाटी आहे, की झॉम्बीज इथे 1961 मध्ये पहिल्यांदा भेटले. पबसमोर बसथांब्यावर शाळेची मुलं पाठीवर वाद्यांच्या पेट्या घेऊन उभी असतात. त्या पाटीकडे त्यांचं लक्षही नसतं. मी दर वेळी थांबतो.

एक माहिती द्यायची होती, ग्रंडीच्या ड्रम्सबद्दल. 'शीज नॉट देअर'चा मोनो मिक्स करताना त्याने आणखी ड्रम्स वरून वाजवले, थेट, मिक्स चालू असतानाच. ते मूळ टेपवर नाहीतच. म्हणून स्टिरिओ आवृत्तीत ते ऐकू येत नाहीत. इंटरनेटवर हल्ली बऱ्याच ठिकाणी स्टिरिओच असतो. तुम्ही जर तोच ऐकून 'ड्रम्स जरा पातळ वाटतात' म्हणत असाल, तर तुम्ही अर्धाच ग्रंडी ऐकलाय. मोनो शोधा.

रोकठोक | रविवार, सकाळी 11:25

मोनो शोधला. दोन्ही एकामागोमाग ऐकले. हे मला माहीत नव्हतं. स्टिरिओत कडवं संपून गाणं उसळतं तिथे काहीतरी कमी पडतंय असं मला कायम वाटायचं, आणि मी ते बँडच्या नावावर टाकत होतो. माझा पहिल्या प्रतिसादातला मुद्दा निम्मा मागे घेतो. निम्मा ठेवतो, कारण एमरिक आणि व्हिन्सचं श्रेय कुणी नाकारू नये.

पण मग एवढं असून ते फुटले का? अल्बम यायच्या आधीच मोडला ना बँड?

मंद्रसप्तक | रविवार, दुपारी 12:50

हो. 'केअर ऑफ सेल 44' 1967 च्या अखेरीस सिंगल म्हणून आलं आणि आपटलं. डिसेंबरात बँड संपला. अल्बम एप्रिल 1968 मध्ये आला तेव्हा बँड अस्तित्वातच नव्हता.

कारण पैसा, आणि याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. गाणी लिहायचे आर्जेंट आणि व्हाइट, त्यांना गीतकार-संगीतकार म्हणून रॉयल्टी मिळायची. उरलेल्या तिघांचं पोट कार्यक्रमांवर. कार्यक्रम आटले की हात रिकामे. ग्रंडीने ठेक्यात जे केलं, अॅटकिन्सनने जी जागा सोडली, ब्लनस्टोनने जो श्वास घातला, त्याला कागदावर किंमत शून्य. ब्लनस्टोन एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला लागला. तो आवाज, आणि दिवसभर दाव्यांच्या फायली! हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

अमेरिकेत अॅल कूपर या संगीतकाराने अल्बम उचलून धरला म्हणून तो तिकडे निघाला. 1969 च्या सुरुवातीला 'टाइम ऑफ द सीझन' तिकडे तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. बँडच नव्हता, तर इतर मंडळी 'आम्हीच झॉम्बीज' म्हणत अमेरिकाभर कार्यक्रम करत फिरली. त्यातल्या टेक्ससच्या एका नकली संचात डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड होते, पुढे झेडझेड टॉप या बँडमध्ये गेलेले. अस्सल झॉम्बीजना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती 2019 मध्ये.

सांगलीकर | रविवार, रात्री 9:15

उशिरा पोचलो. सगळ्यांचं वाचलं. एका गाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो : 'बुचर्स टेल'.

आमच्या घरी आजोबांची पायपेटी आहे. संगीत नाटकांच्या एका फिरत्या कंपनीत ते साथ करायचे. खाली दोन्ही पायांनी भाता मारायचा, वर दोन्ही हात मोकळे. पायाची लय चुकली की सूर डचमळतो. नाट्यपदाला साथ करताना आजोबा मुद्दाम पाय हलका करायचे, गाणारा नट श्वास घेईल तिथे.

'बुचर्स टेल'मध्ये असाच पायाने भाता मारायचा ऑर्गन आहे. ड्रम्स नाहीत, बेस नाही. गातो ख्रिस व्हाइट स्वतः, ब्लनस्टोन नव्हे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या एका खाटकाची गोष्ट आहे. खंदकात बसलाय, हात थरथरतात, घरी जायचंय. व्हाइटचा आवाज कसलेल्या गायकाचा नाही, कापतो, आणि ऑर्गनही तसाच कापतो. सराईत आवाजाने गायलं असतं तर गाणं खोटं वाटलं असतं. सगळ्या धाग्यात त्याच्या बेसचं कौतुक झालं, रास्तच आहे, पण बेस खाली ठेवून, पुढे येऊन, स्वतःच्या कच्च्या आवाजात गायचं हेही त्याच्याच संगीताच्या समजेतून आलंय. गंमत म्हणजे अमेरिकेत अल्बममधलं पहिलं सिंगल म्हणून कंपनीने हेच काढलं होतं. व्हिएतनामचे दिवस होते ते. चाललं नाही.

अवांतर : सातारा जिल्ह्यातल्या काही गावांत शिळा आहेत, या गावातून एवढे लोक महायुद्धाला गेले, एवढे परत आले नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. ते गाणं ऐकताना मला त्या शिळा दिसतात.

आज दुपारी पायपेटीवरचं कापड काढलं. एक सूर अडकतोय आणि भात्याला एका शिवणीत चीर आहे, त्यामुळे हवा सुटते. तरी 'बुचर्स टेल'ची चाल लावून पाहिली. सुटणाऱ्या हवेमुळे सूर धरता धरता खाली बसत होता, आणि रेकॉर्डवर ऐकू येतं तसंच काहीसं ऐकू आलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, बाबा वाजवायचे तसं वाजतंय. चीर पुढच्या आठवड्यात शिवून घेणार आहे. त्या आधी एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवतो.

काळी_पाच | रविवार, रात्री 9:40

रेकॉर्ड केलंत की इथे टाका. आणि शिवायला देताना कातडं बघून घ्या, हल्ली रेक्झिन लावून देतात, ते दोन पावसाळ्यांत तडकतं.